ॲम्का कुठवर आलं? मॉडेल, इंजिन आणि मधली दहा वर्षं

ॲम्का, म्हणजे भारत स्वतः बनवत असलेलं, रडारला सहज न दिसणारं लढाऊ विमान. त्याबद्दल प्रश्न असा आला होता : "काका, एरो इंडियात ॲम्काचं पूर्ण आकाराचं मॉडेल पाहिलं, भारी वाटलं. घरी सांगितलं तर मामा म्हणाले, 'गणपतीच्या मखरासारखं थर्माकोलचं विमान आहे ते.' तुर्कस्तानचं 'कान' विमान उडालं, कोरियाचं केएफ-२१ उडालं, चीनकडे तर जे-२० च्या रांगा लागल्यात. आपण नक्की कुठे आहोत? आणि उडालं तरी ते खरंच पाचव्या पिढीचं असेल का? की सरळ सुखोई-५७ नाहीतर एफ-३५ विकत घ्यावं? जाताजाता अजून एक, एम.टेक.ला स्ट्रक्चर्स घेऊ की प्रोपल्शन?"

तुझ्या मामांचं निम्मं बरोबर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या येलहंक्याला जे उभं होतं ते मॉडेलच होतं. पण मखर म्हणजे आत काहीच नाही, तसं हे नाही. आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे उत्तर कुठल्या बाजूला झुकलंय ते तुला कळेल. मी विमानाच्या सांगाड्याच्या कामात तेहतीस वर्षं काढली, आधी जुळणीच्या शेडमध्ये, नंतर कंपोझिटच्या, म्हणजे कार्बनच्या धाग्याच्या भागांच्या. मी आरेखन करणारा नव्हे. आरेखन करणाऱ्याने संगणकावर ओढलेली रेघ प्रत्यक्ष पॅनेलवर बसते की नाही, हे बघणारा. खाली जे लिहितोय त्यात गुपित काही नाही, सगळं उघडपणे छापून आलेलं आहे, अर्थ मात्र माझा.

आधी हिशोब. ॲम्काच्या शक्यतांचा अभ्यास करायला २०१० च्या सुमारास ९० कोटी रुपये मिळाले होते. तेव्हापासून पंख, शेपूट, हवेच्या वाटा यांचे आराखडे बदलत गेले, वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेलं तपासली गेली, आणि ज्याला क्रिटिकल डिझाइन रिव्ह्यू म्हणतात तो आढावाही पार पडला. खरा पैसा मात्र मार्च २०२४ मध्ये मंजूर झाला. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने सुमारे १५,००० कोटी रुपये दिले, पाच प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीची विमानं, बांधून उडवण्यासाठी. त्यानंतर बांधणार कोण यात वर्ष गेलं. मे २०२५ मध्ये ठरलं की बंगळुरूची एडीए, म्हणजे एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी, उद्योगातला भागीदार स्पर्धेतून निवडेल, आणि एचएएल या विमानं बांधणाऱ्या सरकारी कंपनीलाही इतरांसारखीच बोली लावावी लागेल. सप्टेंबर २०२५ अखेर सात गट पुढे आले. त्यांत आपल्या पुण्याची भारत फोर्ज होती, बीईएमएल आणि डेटा पॅटर्न्स यांना बरोबर घेऊन. पहिलं उड्डाण २०२८-२९ च्या आसपास आणि हवाई दलात दाखल २०३५ च्या सुमारास, असं सरकारी वेळापत्रक सांगतं.

म्हणजे 'कागदावरच आहे' हे खरं, पण तो कागद पंधरा वर्षं घासून-पुसून तयार झालेला आहे. आजवर उशीर झाला तो मुख्यतः मंजुरीत. या पुढचा उशीर कारखान्यातला असेल, आणि तो जास्त अवघड असतो, कारण तो फाइल पुढे सरकवून भरून काढता येत नाही.

एक आकडा शेजारी ठेवून बघ. कोरियाने केएफ-२१ च्या विकासाला ८ लाख कोटी वॉनच्या वर खर्च धरला. आजच्या दराने हे जवळपास पन्नास हजार कोटी रुपये होतात. त्यांचे सहा प्रोटोटाइप होते, आणि ते विमान स्टेल्थच्या, म्हणजे रडारपासून लपण्याच्या, बाबतीत ॲम्कापेक्षा सोपं. आपले पगार कमी, हे मान्य. पण ऑटोक्लेव्ह (दाबाखाली पॅनेल भाजायची भट्टी), टायटॅनियम आणि कार्बनचा धागा आपल्याला कोणी स्वस्तात देत नाही. १५,००० कोटींत हे काम पुरं होईल असं मला वाटत नाही. वाढीव रक्कम मागितली जाईल, आणि तेव्हा 'घोटाळा' म्हणून ओरड होईल. ती बातमी वाचशील तेव्हा हा परिच्छेद आठव.

आता उडालेल्यांकडे येऊ. पहिलं उड्डाण म्हणजे बारसं. नाव ठेवलं, पेढे वाटले, फोटो निघाले. पोरगं कमवायला लागायला अजून किती वर्षं, हे बारशाला कोणी विचारत नाही. तुर्कस्तानचं कान २१ फेब्रुवारी २०२४ ला पहिल्यांदा उडालं, तेरा मिनिटं, आठ हजार फुटांपर्यंत. कौतुकच आहे, मी त्या दिवशी ती चित्रफीत तीनदा पाहिली. पण त्यात इंजिनं अमेरिकेची एफ-११०, म्हणजे एफ-१६ मध्ये बसतात तीच. पुढची इंजिनं अमेरिकी संसदेच्या परवानगीत अडकल्याचं तुर्कस्तानच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवलं.

बारशापासून कमावण्यापर्यंत कोणाला किती लागले बघ. अमेरिकेचं एफ-२२ सप्टेंबर १९९७ मध्ये उडालं, डिसेंबर २००५ मध्ये लढायला सज्ज जाहीर झालं. ही आठ वर्षं झाली, आणि त्याचा पूर्वज वायएफ-२२ तर १९९० मध्येच उडाला होता. एफ-३५ चं पहिलं उड्डाण डिसेंबर २००६, अमेरिकी मरीन्सनी ते स्वीकारलं जुलै २०१५ मध्ये. सुखोई-५७ जानेवारी २०१० मध्ये उडालं. पहिलं उत्पादित विमान ताब्यात देण्याआधीच डिसेंबर २०१९ मध्ये पडलं, आणि रशियन हवाई दलाला पहिलं विमान मिळालं २०२० संपता संपता. चीनचं जे-२० सगळ्यांत चपळ निघालं : जानेवारी २०११ ते २०१७, सहा वर्षं. आणि आपलं तेजस? ४ जानेवारी २००१ ला उडालं, पहिली स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलाची तुकडी, १ जुलै २०१६ ला उभी राहिली. साडेपंधरा वर्षं.

ॲम्काचं वेळापत्रक मात्र मधल्या टप्प्याला सहा वर्षं देतं. म्हणजे आपण चीनचा वेग गृहीत धरलाय, आणि तेजसचा अनुभव बाजूला ठेवलाय. तेजसला उशीर होण्यामागे एक मोठं कारण आपल्या हातातलं नव्हतं. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि फ्लाय-बाय-वायरच्या, म्हणजे संगणकामार्फत विमान सांभाळण्याच्या, कामात मिळणारी मदत रातोरात थांबली. ती नियंत्रण प्रणाली आपल्या लोकांनी पुन्हा बसून उभी केली, आणि इतकी चांगली केली की त्याच घराण्यातलं नौदलाचं तेजस जानेवारी २०२० मध्ये विक्रमादित्य या विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरलं. हे मी अभिमानाने सांगतो, आणि ॲम्काच्या बाबतीत माझी सर्वांत कमी काळजी याच भागाची आहे. विमान हवेत अस्थिर ठेवून संगणकाने सांभाळणं आपल्याला येतं. मोहिमेचं सॉफ्टवेअर, म्हणजे रडार, इन्फ्रारेड आणि बाकी सेन्सरांची माहिती एका चित्रात आणणं, हे निराळं दुखणं आहे. त्यात अमेरिकाही अडखळली. नव्या संगणकाचं सॉफ्टवेअर तयार नाही म्हणून एफ-३५ ची नवी विमानं घेणं अमेरिकेने जुलै २०२३ पासून वर्षभर थांबवलं होतं.

माझा अंदाज विचारशील तर पहिलं उड्डाण २०२९-३० मध्ये आणि पहिली स्क्वाड्रन २०३७-३८ च्या आसपास. तसं झालं तर मी त्याला यश म्हणेन.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, 'खरंच पाचव्या पिढीचं असेल का'. पाचव्या पिढीची पहिली खूण म्हणजे स्टेल्थ, आणि यावर लोक फोटोला फूटपट्टी लावून भांडतात. जे-२० ला पुढे छोटे पंख आहेत म्हणून ते स्टेल्थ नाही, सुखोई-५७ चे रिव्हेट दिसतात म्हणून ते स्टेल्थ नाही, ॲम्काची शेपटी एफ-२२ सारखी तिरकी म्हणून ते स्टेल्थ आहे. फोटोवरून एवढं कळत नाही रे.

मूळ गोष्ट समजून घे, ती सोपी आहे. रडारला विमान किती 'मोठं' दिसतं ते चौरस मीटरमध्ये मोजतात. रडार ज्या अंतरावरून विमान पकडतं ते अंतर मात्र या मापाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतं. समजा एखादं रडार १ चौरस मीटरचं विमान २०० किलोमीटरवरून पकडतं. तू विमानाचं माप शंभरपट कमी केलंस, ०.०१ केलंस, तरी ते ६३ किलोमीटरवर दिसणारच. २० किलोमीटरवर आणायचं तर माप दहा हजारपट कमी करावं लागतं. चौथ्या मुळाची ही शिक्षा आहे. अंतर निम्मं करायला माप सोळापट कमी करायचं.

याचा कारखान्यात काय अर्थ होतो? बाहेरचा आकार नीट काढला की पहिली मोठी घट मिळते. पंखाच्या आणि शेपटीच्या कडा एकाच दिशेला लावायच्या, इंजिनाचं तोंड नागमोडी वाटेमागे लपवायचं, शस्त्रं पोटात घ्यायची. ॲम्काच्या आरेखनात हे सगळं आहे आणि ते चांगलं आहे. हवेच्या वाटेच्या तोंडाशी असलेला फुगवटा मात्र स्टेल्थचा पुरावा म्हणून दाखवू नकोस, तो पाकिस्तानच्या जेएफ-१७ लाही आहे. पण त्यानंतरची दहापट, शंभरपट घट आकारातून येत नाही. ती येते दोन पॅनेलांमधल्या फटीतून, दरवाजाच्या कडेतून, एखाद्या स्क्रूच्या डोक्यातून. लढाऊ विमानांच्या रडारची लहर साधारण ३ सेंटिमीटरची. साध्या विमानावर दोन पॅनेलांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली तर आम्ही फारसं मनावर घेत नसू, हवेचा थोडा विरोध वाढतो इतकंच. बाकी सगळं गुळगुळीत असलेल्या विमानावर तशा पायऱ्या शेकड्याने राहिल्या तर आकारातून मिळवलेलं सगळं तिथे सांडतं.

इथे एक स्वतःची चूक सांगतो, कारण लोक मॉडेल बघतात आणि ही बाजू कोणाला दिसत नाही. कार्बनचं कापड रेझिन लावूनच येतं, त्याला प्रीप्रेग म्हणतात, आणि ते उणे १८ अंशांवर ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी बंद ठेवूनच ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. थंडगार असताना पिशवी उघडली तर थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम यावा तसा कापडावर ओलावा धरतो. जुलै महिना, महिनाअखेर, आणि एका नव्या मुलाने दोन तास आधी पिशवी उघडली. ऑटोक्लेव्हमधून पॅनेल आरशासारखं निघालं. सगळे खूश. अल्ट्रासॉनिकवर घेतलं तर आत पोकळ्यांची चाळण. ओलाव्याची वाफ झाली होती आणि बाहेर पडायला जागा नव्हती. पॅनेल भंगारात गेलं. दोष त्या मुलाचा कमी आणि माझा जास्त, शेड माझ्या ताब्यात होती आणि 'आज निघायलाच हवं' हे मीच ओरडलो होतो. एक पॅनेल उत्तम बनवणं आणि तेच पॅनेल पावसाळ्यात, महिनाअखेरीला, दुसऱ्या पाळीत दोनशे वेळा तसंच बनवणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. प्रोटोटाइप पहिल्याने बनतो, स्क्वाड्रन दुसऱ्याने.

आणि बनवून झाल्यावर सांभाळायचं कोणी? रडारची लहर शोषणारे लेप, फटी भरायचा मसाला, दरवाजांच्या कडा हे सगळं प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा नीट करावं लागतं. मसाला सुकण्याचा वेळ हवेतल्या ओलाव्यावर आणि तापमानावर ठरतो. जानेवारीतल्या पहाटे तो बसतच नाही, जुलैत हातात घेता घेता घट्ट होतो. लोहगाव आणि जोधपूर यांना एकच दुरुस्ती-पुस्तक चालणार नाही. जून २०२५ मध्ये ब्रिटिश नौदलाचं एफ-३५ तिरुवनंतपुरमला उतरलं आणि पाच आठवडे तिथेच अडकलं. केरळच्या लोकांनी त्यावर पोटभर विनोद केले. मला हसू आलं, पण मनात आलं की विमानतळावर पावसात उभ्या असलेल्या त्या विमानाच्या जागी उद्या आपलं असेल, आणि आपल्याकडे तो बिघाड काढायला किती माणसं तयार असतील?

स्टेल्थ म्हणजे अदृश्य नव्हे, हेही एका दमात सांगून टाकतो. २७ मार्च १९९९ ला सर्बियात अमेरिकेचं एफ-११७ जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. लांब लहरींच्या रडारला, ज्यांची लहर मीटर-दोन मीटर असते, शेपटीएवढे भाग चांगले दिसतात. पण असं रडार 'तिकडे काहीतरी आहे' इतकंच सांगतं, क्षेपणास्त्राला नेम धरण्याइतकं नेमकं सांगत नाही. स्टेल्थने शत्रूचा वेळ खाल्ला जातो. विकत काय घेतोय तर ती मिनिटं.

पोटातल्या शस्त्रांची गोष्ट थोडक्यात. ॲम्का २५ टन वजनाच्या वर्गातलं, पोटात सुमारे दीड टन शस्त्रं, साडेसहा टन इंधन. लपून जायचं नसेल तेव्हा बाहेर साडेपाच टन टांगता येईल असं ठरवलंय. दीड टन कमी वाटतं, पण पहिल्या दिवशी शत्रूची रडारं आणि क्षेपणास्त्रतळ फोडायला ते पुरेसं आहे. अवघड आहे ते दार उघडणं. आवाजाहून जास्त वेगात पोटाचं दार उघडलं की आतल्या पोकळीत हवा बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी घुमते, फक्त ती बाटली दोन-चार मीटर लांब असते. त्या थरथरीने क्षेपणास्त्राचे भागही ढिले होऊ शकतात, आणि सोडलेलं क्षेपणास्त्र खाली जाण्याऐवजी मागे वळून पोटाला चाटू शकतं. आपण हे आजवर कुठल्याच विमानावर केलेलं नाही. चाचणीची दोन वर्षं इथेच जातील, लिहून ठेव. कोरियाने शहाणपणा केला, पहिल्या केएफ-२१ मध्ये पोटाची खोलीच ठेवली नाही. क्षेपणास्त्रं पोटाखाली अर्धी रुतवून बसवली, आणि ते विमानाला साडेचार पिढीचं म्हणतात. कबुलीची लाज वाटत नाही त्यांना. अमेरिकेने त्यांना आधुनिक रडारचं तंत्र नाकारलं तेव्हाही त्यांनी स्वतःचं बनवलं. आपल्याला शिकायचं असेल तर तुर्कांपेक्षा कोरियाकडून शिकावं असं माझं मत आहे.

आणि आता इंजिन. माझं सगळं आयुष्य सांगाड्यात गेलं तरी कबूल करतो, विमानाचा जीव इंजिनात असतो.

ॲम्का मार्क-१ मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीची एफ-४१४ ही दोन इंजिनं असणार, प्रत्येकी ९८ किलोन्यूटन जोराची. पाचव्या पिढीची एक ओळख म्हणून आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) न लावता आवाजाच्या पुढे जाणं सांगतात. त्यासाठी आफ्टरबर्नरशिवायचा जोर बघायचा. एफ-४१४ चा तो सुमारे ५८, दोन मिळून ११६. पंचवीस टनांचं पूर्ण भरलेलं विमान म्हणजे २४५ किलोन्यूटन वजन. गुणोत्तर पावणेपाच दशांश, म्हणजे ०.४७. एफ-२२ चं असंच काढ : इंजिनामागे सुमारे ११६, दोन मिळून २३२, पूर्ण वजन ३८ टन, गुणोत्तर ०.६२. हे ढोबळ गणित आहे, हवेचा विरोध वगैरे यात काहीच नाही, तरी फरक कुठे आहे ते दिसतं. मार्क-१ कडून आफ्टरबर्नरशिवाय आवाजाच्या पुढे जाण्याची अपेक्षा मी ठेवत नाही. आधी मार्क-१ च्या दोन स्क्वाड्रन, मग ११० ते १२० किलोन्यूटन इंजिनाच्या मार्क-२ च्या पाच, असा बेत आहे. खरं पाचव्या पिढीचं विमान हवं असेल तर ते मार्क-२. मार्क-१ ला मी 'स्टेल्थ शरीर, आधीच्या पिढीचे पाय' म्हणेन, आणि तसं असणं काही पाप नाही. जे-२० नेही पहिली वर्षं रशियन एएल-३१ घराण्याच्या इंजिनांवर काढली, मग चिनी डब्ल्यूएस-१० वर आलं.

मार्क-२ चं इंजिन फ्रान्सच्या साफ्रानबरोबर मिळून बनवणार असं संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं. इथे कावेरीचं, म्हणजे तेजससाठी बनवायला घेतलेल्या आपल्या इंजिनाचं, नाव निघतंच. १९८९ मध्ये मंजूर झालेलं, ८१ किलोन्यूटनचं उद्दिष्ट, हाती आले सत्तरच्या आसपास, आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळं केलं गेलं. त्यावर टर उडवणाऱ्यांना एक विचारावं : टर्बाइनच्या पात्यावरून जो वायू जातो तो ते पातं ज्या धातूचं बनलंय त्याच्या वितळबिंदूहूनही गरम असतो, हे माहीत आहे का? पातं टिकतं ते दोन कारणांनी. ते एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं, आणि त्याच्या पोटात केसासारख्या वाटा कोरून थंड हवा खेळवलेली असते. मिनिटाला हजारो फेरे, बोटभर लांबीचं पातं, आणि त्याच्या मुळाशी ओढ काही टनांची. हे ओतकाम जगात मोजक्याच देशांना जमतं, आणि ते विकत मिळत नाही. 'ऐंशी टक्के तंत्रज्ञान हस्तांतर' अशी बातमी आली की मी उरलेल्या वीस टक्क्यांत काय आहे ते बघतो. पातं बहुधा त्यातच असतं. साफ्रानच्या करारातही हीच कलमं वाचायची.

आणि पाय दुसऱ्याचे असले की काय होतं ते तेजस मार्क-१ए ने दाखवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला, मार्च २०२४ पर्यंत पहिलं द्यायचं होतं. इंजिनं जीईकडून, त्यांचा पुरवठादारांचा घोळ झाला, आणि या मागणीतलं पहिलं एफ-४०४ आलं मार्च २०२५ मध्ये. सगळा उशीर इंजिनाचाच नव्हता, रडार आणि क्षेपणास्त्रांची जुळवणीही रेंगाळली. पण सांगाडे उभे आणि इंजिन नाही, हे दृश्य कारखान्यातल्या माणसाला फार लागतं.

बांधणार कोण, या वादात मी दोन्हीकडचा आहे. ओझरच्या एचएएलने १९६० च्या दशकापासून मिग बांधली, नंतर सुखोई-३० च्या २७२ पैकी २२२ बांधली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे जुळवलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. आपल्याकडे लढाऊ विमान जुळवून उडवून देण्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे, दुसऱ्या कोणाकडे नाही. खाजगी कंपन्या सुटे भाग उत्तम करतात, पंख, धडाचे तुकडे, इंजिनाचे भाग, मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन पाहिलंय आणि स्वच्छता बघून लाजलोय. पण पूर्ण विमान उभं केल्यावर पहिल्या सहा महिन्यांत ज्या शंभर बारीक कटकटी निघतात, गळणारी एखादी हायड्रॉलिक नळी, न बसणारं एखादं दार, त्या सोडवणारा जुना फोरमन निविदेत मागवता येत नाही. स्पर्धा हवीच होती, एकाच दुकानात सगळं ठेवल्याने तेजसचं काय झालं ते दिसलं. फक्त जिंकणाऱ्याने आधी ओझर आणि बंगळुरूची निवृत्त माणसं शोधून आणावीत.

विकत घेण्याबद्दल फार लिहीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी हवाई दलाकडे २९ उरल्या. त्यामुळे मधल्या काळासाठी काहीतरी घ्यावं असं वैमानिक म्हणतात तेव्हा त्यांना देशद्रोही ठरवू नये. पण एफ-३५ आपल्याला मिळणं कठीण. रशियाची एस-४०० ही विमानविरोधी क्षेपणास्त्र प्रणाली घेतली म्हणून अमेरिकेने तुर्कस्तानला २०१९ मध्ये त्या कार्यक्रमातून बाहेर काढलं, आणि एस-४०० आपल्याकडेही आहे. मिळालं तरी त्याच्या सॉफ्टवेअरला आपण हात लावू शकणार नाही, अस्त्रसारखं आपलं क्षेपणास्त्र बसवायलाही परवानगी मागायची. सुखोई-५७ च्या भावंडावर आपण रशियाबरोबर आधीच एकदा हात पोळून घेतलाय. २०१० च्या करारात सुमारे २९.५ कोटी डॉलर गेले आणि २०१८ मध्ये आपण बाहेर पडलो. दोन स्क्वाड्रनपुरतं काही घेतलं तर चालेल, पण ॲम्काची माणसं आणि ॲम्काचा पैसा तिकडे वळता कामा नये. आपल्याकडे चाचणीचे वैमानिक आणि अभियंते मोजकेच आहेत, एकाच वेळी दोन नवी विमानं त्यांच्या गळ्यात मारता येणार नाहीत.

राहिला एम.टेक.चा प्रश्न. मी स्ट्रक्चर्सवाला असूनही सांगतो, प्रोपल्शन घे. कंपोझिटची माणसं आता बऱ्यापैकी तयार झालीत, इंजिनाची नाहीत. गणित जड जाईल, आणि फक्त वायूंचं शास्त्र करून भागणार नाही, धातुशास्त्राचा एखादा विषय जोडून घे, पात्याचं ओतकाम तिथे शिकवतात. साफ्रानबरोबरचं इंजिन २०३५ नंतर कधीतरी चाचणीच्या स्टँडवर पूर्ण जोराने धडधडेल तेव्हा तू तिशीत असशील. मामांना त्या दिवशी स्टँडच्या जवळ नेऊ नकोस, कानांचं नुकसान होतं.